क्ष-किरण नळी: एक टक्का किरण, नव्याण्णव टक्के उष्णता

क्ष-किरण नळी म्हणजे आतली हवा पूर्णपणे काढून घेतलेली काचेची किंवा धातूची बंद नळी. वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन धातूवर आदळवून ती क्ष-किरण निर्माण करते. रुग्णालयात एक्स-रे काढताना रुग्णाला फक्त धातूची पेटी दिसते. नळी त्या पेटीच्या आत असते.

भौतिकशास्त्रज्ञ रंटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत क्ष-किरणांचा शोध लावला. त्या काळच्या नळीत थोडा वायू शिल्लक असे, त्यामुळे किरण कधी कमी तर कधी जास्त निघत. १९१३ मध्ये अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी तापलेल्या टंगस्टनच्या तारेची निर्वात नळी बनवली. आजच्या नळ्यांची मूळ रचना तीच आहे.

नळीचे मुख्य भाग दोन: ऋणाग्र आणि धनाग्र. ऋणाग्रात टंगस्टनची बारीक वेटोळी तार असते. वीज सोडली की ती दोन हजार अंश सेल्सियसच्या वर तापते आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. तारेभोवतीची धातूची खोलगट वाटी त्यांना पसरू न देता एकत्र ठेवते. समोर धनाग्र असते. दोन्ही टोकांमध्ये साधारण ४० ते १५० किलोव्होल्ट इतका विद्युतदाब लावला की इलेक्ट्रॉन धनाग्राकडे झेपावतात. १०० किलोव्होल्टला त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक होतो. वाटेत हवेचे रेणू आडवे येऊ नयेत, म्हणूनच नळी निर्वात ठेवावी लागते.

धनाग्रातील अणुकेंद्राजवळून जाताना इलेक्ट्रॉन वळतात, मंदावतात आणि गमावलेली ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपात बाहेर पडते. काही इलेक्ट्रॉन अणूच्या आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन उडवून लावतात. ती जागा भरताना त्या धातूचे खास क्ष-किरण निघतात. याउलट इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ यंत्रात इलेक्ट्रॉन धातूवर आदळत नाहीत. चुंबकांमुळे वळतानाच ते क्ष-किरण देतात. मात्र नळी पेटीत मावते, तर त्या यंत्रात इलेक्ट्रॉन फिरतात त्या कड्याचा परीघ १७२.५ मीटर आहे.

नळीत क्ष-किरणांच्या वाट्याला जेमतेम एक टक्का ऊर्जा येते. उरलेल्या नव्याण्णव टक्क्यांची उष्णता होते. नळीची बरीचशी रचना या उष्णतेच्या बंदोबस्तासाठी आहे. टंगस्टन ३,४२२ अंशांना वितळते, म्हणून धनाग्रावर इलेक्ट्रॉनांचा मारा झेलणारे लक्ष्य त्याचेच. धनाग्र तबकडीसारखे असून मिनिटाला तीन हजार किंवा त्याहून अधिक फेरे घेते, त्यामुळे मारा सतत एकाच जागी होत नाही. तबकडीची कड उतरती असते. मारा रुंद पट्ट्यावर होतो, पण रुग्णाच्या बाजूने तो पट्टा आखूड दिसतो आणि प्रतिमा रेखीव उमटते. तबकडीची उष्णता नळीबाहेरच्या तेलात उतरते. हेच तेल विजेला अडवण्याचेही काम करते.

बाहेरच्या पेटीला आतून शिशाचे अस्तर असते. किरण फक्त एका खिडकीतून बाहेर येतात. तिथे ॲल्युमिनियमची पातळ चकती शरीरातच अडकून राहणारे दुबळे किरण गाळते आणि शिशाच्या सरकत्या पट्ट्या झोताची रुंदी ठरवतात.

तंत्रज्ञ तीन गोष्टी ठरवतो: किलोव्होल्ट वाढवले की किरणांची भेदकता वाढते, मिलिअँपिअर वाढवले की त्यांची संख्या वाढते आणि वेळ वाढवला की एकूण मात्रा वाढते. छातीच्या एक्स-रेला सेकंदाचा लहानसा अंश पुरतो.

भारतात या यंत्रांच्या सुरक्षिततेवर मुंबईच्या अणुऊर्जा नियामक परिषदेची देखरेख असते. गरोदर स्त्रीने, किंवा दिवस गेल्याची शंका असलेल्या स्त्रीने, एक्स-रेपूर्वी तसे सांगावे. एक्स-रेनंतर मात्र खोलीत किंवा अंगात किरण उरल्याची भीती बाळगू नये: उच्च दाबाची वीज बंद होताच नळीतून क्ष-किरण निघणे थांबते.