दहा-बारा वर्षांनी परत बाईक: हात आठवतात, डोळ्यांना शिकवावं लागतं

(भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय अशा लोकांसाठी आहे, ज्यांनी कॉलेजात असताना बाईक दामटली, मग लग्न झालं, मुलं झाली, चारचाकी आली किंवा कंपनीची बस मिळाली, आणि बाईक अंगणात ताडपत्रीखाली गेली. आता दहा-बारा वर्षांनी ती परत काढायची आहे. सुप्यात असे बरेच जण भेटतील. एमआयडीसी वाढली, शिफ्टच्या वेळा एसटीला जुळत नाहीत, पारनेरकडच्या किंवा शिरूरकडच्या गावातून रोज ये-जा करायची तर बाईक सोयीची. मग प्रश्न येतो, जमेल का परत?

जमेल. पण नेमकं काय जमेल आणि काय जमणार नाही, हे आधी समजून घेऊ. कारण घात तिथेच होतो.

लगेच परत येतं ते

तोल सांभाळणं, हाफ क्लचवर गाडी उचलणं, गिअर टाकणं, ही कामं एकदा शरीरात बसली की सहसा जात नाहीत. सायकलचं तसंच असतं ना, वीस वर्षांनी बसलात तरी चालवता. त्यामुळे होतं काय, मोकळ्या माळावर दोन चकरा मारल्या की पंधरा मिनिटांत वाटतं, "अरे, आलं की सगळं!" आणि माणूस तसाच नगर-पुणे हायवेला लागतो.

जे परत आलेलं नसतं, ते माळावर दिसतच नाही. समोरच्या टेम्पोचा वेग किती, तो वळणार की थांबणार, डाव्या गल्लीतून कोण निघतंय, आपण इथून किती अंतरात थांबू, हे सगळे अंदाज रोजच्या सरावावर टिकतात. सराव थांबला की तेही बोथट होतात. चारचाकी चालवत असाल तर निम्मी नजर शाबूत असते, पण चारचाकीवाला खड्डा, खडी, सांडलेलं ऑइल, बाजूचा वारा यांच्याकडे बघायचं विसरलेला असतो. गाडीला चार चाकं असल्यानं त्याला ते माफ असतं.

म्हणून धोका सगळ्यात जास्त कधी? हातांना सगळं आठवलंय आणि डोळ्यांना अजून नाही, अशा पहिल्या काही आठवड्यांत.

अमेरिकेत लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास झाला होता. १९८१ साली त्याचा अहवाल आला, हॅरी हर्ट हे त्याचे प्रमुख. त्यात दिसलं, की अपघातातल्या निम्म्याहून जास्त चालकांना त्या विशिष्ट बाईकवर बसून पाच महिनेही झाले नव्हते. एकूण रस्त्यावरचा अनुभव मात्र जवळपास तीन वर्षांचा होता. म्हणजे बाईक येत होती, पण ती बाईक अंगवळणी पडलेली नव्हती.

तुमचे पाय जुन्या गाडीचे आहेत

हे फार लोक लक्षात घेत नाहीत. स्प्लेंडरवर वाढलेल्या माणसाचा पाय सगळे गिअर पुढे दाबून टाकतो. आजच्या बहुतेक मोठ्या बाईकवर पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर. तुम्ही चौथ्यात आहात, पाचवा टाकायला सवयीनं पुढे दाबलंत, तर पडतो तिसरा. गाडी एकदम झटका देते, मागचं चाक ओढल्यासारखं होतं. मागे ट्रक असेल तर विचार करा.

जुन्या बुलेटवाल्यांचं तर त्याहून अवघड. त्यांचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला होता. नव्या बुलेटला बरोबर उलटं. निवांत असताना लक्षात राहतं हो, पण समोर अचानक कुत्रं आलं की पाय जुन्या जागीच जातो.

ब्रेकही बदललेत. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या बाईकला एबीएस सक्तीचं आहे आणि १२५ पर्यंतच्या गाड्यांना किमान सीबीएस. सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला तरी पुढचा-मागचा दोन्ही थोडे लागतात. एबीएस लागलं की लिव्हर हाताला थरथरतो. जुना चालक दचकतो, त्याला वाटतं काहीतरी बिघडलं, आणि ब्रेक सोडतो. सोडायचा नाही, दाबून धरायचा. ही थरथर पहिल्यांदा मोकळ्या जागेत मुद्दाम अनुभवा, हायवेवर नको.

थांबायला किती जागा लागते

थोडं गणित करू. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरा, तेवढ्यात २५ मीटर गेलात. कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक मारला तर पुढे आणखी २३ मीटर. एकूण ४८. ताशी ८० ला हेच होतं ७४ मीटर. ताशी ४० ला फक्त २७.

हे आकडे लक्षात ठेवा, कारण आता गाळप हंगामातली रात्र डोळ्यांसमोर आणायची आहे. उसाची डबल ट्रॉली चाललीय, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर धुळीनं माखलेला. लहान बाईकच्या लो बीममध्ये अशी वस्तू तीस-चाळीस मीटरवर आल्याशिवाय नीट दिसत नाही. ताशी ४० वर असाल तर थांबाल. ६० वर असाल तर ट्रॉली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, ब्रेक कितीही चांगला असो. त्यात चाळिशीनंतर समोरच्या गाडीच्या झोतानं दिपलेले डोळे सावरायला आधीपेक्षा जास्त वेळ घेतात. म्हणून रात्र सगळ्यात शेवटी.

रस्ताही तुमच्या आठवणीतला नाही

सुप्याजवळ हायवेला आता दुभाजक आहे, कंटेनर आहेत, शिफ्ट सुटली की कामगारांची झुंबड आहे. पुढचं वळण लांब पडतं म्हणून उलट्या दिशेनं येणारे आहेत. दुभाजकामुळे आपल्याला वाटतं समोरून कोणी येणार नाही. इथे ते गृहीत धरू नका, विशेषतः डाव्या कडेला.

दुसरी गोष्ट वारा. इथल्या पठारावर पवनचक्क्या उभ्या केल्यात त्या वारा आहे म्हणूनच. कंटेनरला ओव्हरटेक करताना त्याच्या आडोशाला वारा अडतो, आणि पुढे निघालात की एकदम बाजूनं थप्पड बसते. अशा वेळी हँडल आवळून धरलं तर गाडी जास्त डगमगते. हात सैल ठेवा, टाकी गुडघ्यांनी धरा.

अंगणातली गाडी आणि कपाटातले कागद

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी धरतं. गाडी उभी राहिली की टाकीत गंज आणि कार्बोरेटरमध्ये चिकटा. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील मेकॅनिककडून बघून घ्या.

टायरवर चार आकडे एका चौकटीत असतात. २३१४ असेल तर तो २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक झालेलं असतं, पहिल्या पावसात सटकणार. बदला. ब्रेकचं ऑइल आणि चेनही बघून घ्या.

हेल्मेट माळ्यावरचं जुनं नको. आतला फोम काळानं निकामी होतो. आयएसआय शिक्का बघून नवीन घ्या. हेल्मेटनं मृत्यूचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसलंय. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती.

आता लायसन. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर नुसत्या नूतनीकरणानं भागत नाही, परत चाचणी द्यावी लागते. कायद्यात २०१९ साली तसा बदल झाला. लायसनवर गिअरच्या मोटारसायकलचा प्रकार आहे ना, तेही बघा. काहींकडे फक्त चारचाकीचं किंवा बिनगिअर स्कूटरचं असतं. गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर आरसीचं नूतनीकरण लागतं. विमा आणि पीयूसी आलंच. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी नंबर प्लेटही. ही कागदं टाळू नका. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न याच कागदांवर अडतो आणि भोगतं ते घर.

सुरुवात कशी करायची

पहिले तीन-चार दिवस सकाळी मोकळं मैदान. हळू वेगात आठाच्या आकड्यात फिरवा, मग ताशी ३० वरून पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक वापरून थांबा. पुढचा ब्रेक झटक्यात आवळायचा नाही, दाब वाढवत न्यायचा. गाडी थांबवायचं जास्त काम तोच करतो. उजव्या पायावरच विसंबायची सवय असेल तर ती इथेच मोडा.

पुढचे दोन आठवडे गावचे रस्ते, उजेडात, एकट्यानं. त्यानंतर हायवे, तोही शिफ्टची गर्दी नसताना. मागे बायको-मुलं, पाऊस आणि रात्र, यातली एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. घरचे म्हणतील, "एवढी वर्षं चालवत होतास की!" म्हणू द्या.

पुढच्या टप्प्यावर कधी जायचं? रोज घरी आल्यावर मोजा, आज आपण किती वेळा दचकलो. अचानक ब्रेक मारावा लागला, कोणी बाजूनं गेला तो दिसलाच नव्हता, खड्डा उशिरा कळला, हे सगळं धरायचं. चूक समोरच्याची असली तरी धरायचं. पहिल्या आठवड्यात आकडा पाच-सहा येईल. सलग आठवडाभर शून्य किंवा एक आला, की समजा डोळे हातांबरोबर आले.

तोवर शिफ्टला अर्धा तास आधी निघा. भेटू पुढच्या भागात.