राष्ट्रपतींची निवडणूक मूळ कागदांवरून

आठवीच्या नागरिकशास्त्रात राष्ट्रपतिपद येतं आणि बहुतेक वर्गांत ते नावांच्या यादीपाशी संपतं. राजेंद्रप्रसाद पहिले, प्रतिभाताई पाटील पहिल्या महिला. परीक्षा झाली की मुलं विसरतात. मूळ कागद हातात दिल्याशिवाय हा विषय शिकवूच नये, असं माझं ठाम मत आहे. आणि नाशिकच्या शिक्षकाला त्यासाठी दिल्ली गाठावी लागत नाही.

सुरुवात १९६९ च्या निकालापासून करावी. १६ ऑगस्टला मतदान झालं. पहिल्या पसंतीची मतं : व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८, चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. बाकीच्या उमेदवारांना किरकोळ. ‘कोण जिंकलं?’ असं विचारलं की वर्ग ‘गिरी’ म्हणून मोकळा होतो. मग विजयासाठी लागणारा कोटा काढायला लावावा. एकूण मतमूल्य ८,३६,३३७, त्याचं निम्मं अधिक एक म्हणजे ४,१८,१६९. गिरी १६,६५४ नी कमी पडतात! खालच्या उमेदवारांची दुसरी पसंती मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ वर पोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर. वजाबाकी केली की कळतं, दुसऱ्या पसंतीतून रेड्डींना ९१,८७९ मतं मिळाली, गिरींना जेमतेम १८,५६२. तरी जिंकले गिरीच. हे गणित मुलांनी स्वतः सोडवलं, की पसंतीक्रमाचं मतदान वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मतदान गुप्त असल्यामुळे कोणत्या काँग्रेसवाल्याने अंतरात्म्याचा आवाज ऐकून पक्षाच्याच अधिकृत उमेदवाराला, रेड्डींना, डावललं, हे मात्र निकालपत्रक सांगत नाही. तिथे त्या दिवसांची वर्तमानपत्रं शेजारी ठेवावी लागतात.

स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाचा पाठिंबा घेऊन लढलेल्या देशमुखांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं होतं. तो धागा धरला की आपण थेट नाशकात येतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ साली इथून लोकसभेवर गेले काळाराम मंदिर सत्याग्रहातले दादासाहेब गायकवाड, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे. पुढे चीन युद्धाच्या वेळी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत याच मतदारसंघाने त्यांना बिनविरोध निवडून दिलं. मतदानच नाही, त्यामुळे मतांचे आकडेही नाहीत. सहा वर्षांत एवढा फरक का पडला, याचा शोध नाशिकच्या ‘गावकरी’ दैनिकाच्या जुन्या अंकांत घ्यायला नववी-दहावीच्या मुलांना जरूर पाठवावं.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेलं टपाल तिकीटही अस्सल साधनच. राजेंद्रप्रसाद निवृत्त झाले तेव्हा, १३ मे १९६२ ला, त्यांच्यावर तिकीट निघालं. ते शासनानेच काढलेलं असल्याने त्यात गौरव दिसणार, मतभेद नाही. हिंदू कोड बिलावरून त्यांचे नेहरूंशी खटके उडाले होते. ते कळायला दोघांचा पत्रव्यवहार वाचावा लागतो.

आणखी एक हिशेब घरचा आहे. १९७१ च्या जनगणनेतली महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला २८८ आमदारांनी भागा, मग हजाराने भागा : १७५. हे राष्ट्रपतींच्या निवडणुकीत एका आमदाराच्या मताचं मूल्य. नाशिक जिल्ह्याचे १५ आमदार, म्हणजे २,६२५. आकडा जुन्या जनगणनेचा का, असा प्रश्न वर्गात येतोच. तेव्हा घटनेचं ५५ वं कलम आणि ८४ वी दुरुस्ती काढून मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्यावी.