बांधावरील निर्गुडी

शेतकरी बंधूंस निर्गुडीची ओळख करून देण्याचे कारण नाही. बोटे पसरल्यासारखी पाने, निळसर जांभळे तुरे आणि चुरडताच येणारा उग्र वास यांवरून लहान मूलही ती ओळखते. पनवेलकडे ओढ्याकाठी ती आपोआप वाढते, म्हणूनच मुद्दाम लावावयाचे झाड म्हणून तिजकडे कोणी पाहत नाही.

महसूल खात्यात कारकुनी करताना बांधाच्या तंट्यांचे कागद माझ्या हातून पुष्कळ गेले. पावसाने बांध खचतो, नांगराचे तास दरसाल चार बोटे आत सरते आणि काही वर्षांनी दोघे शेजारी मोजणीचा अर्ज घेऊन कचेरीत उभे राहतात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हद्दीच्या खुणा राखण्याची जबाबदारी खातेदारावरच ठेवली आहे. निर्गुडीची रांग ही कायद्याची खूण नव्हे; परंतु तिच्या मुळ्या माती धरून ठेवतात व गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. लावतेवेळी शेजाऱ्यास मात्र अवश्य बोलवावे.

एका उन्हाळ्यात राबास कवळ कमी पडला, तेव्हा ओढ्याकडील बांधावरची सर्व निर्गुडी मी तोडविली व बुंधेही खणून काढविले. पुढील पावसात बांध दोन ठिकाणी फुटून लावणीवर गाळ पसरला. मांडवावरील काकडीस फुले भरपूर आली, पण फळे वाकडी होऊन गळू लागली. त्याचे कारण हेच एक, असे मी म्हणत नाही. तथापि काकडी व कारली यांची नर व मादी फुले निरनिराळी असतात. पराग नेण्यास माशी न आली तर फळ धरत नाही. भातास माशीची गरज नाही, यामुळे आपण भातकरी तिच्याविषयी उदासीन राहतो. निर्गुडीच्या तुऱ्यांवर सातेरी व फुलोरी या दोन्ही मधमाश्या येतात.

लागवड सोपी आहे. मृगाचा पाऊस स्थिरावला की अंगठ्याएवढ्या जाड, जून फांदीचे हातभर तुकडे करावे. दोनतृतीयांश भाग जमिनीत जाईल असे ते तिरपे रोवून भोवतालची माती पायाने दाबावी. दोन रोपांत हातभर अंतर पुरे. पहिले वर्ष तण काढावे, पुढे तिची काळजी करावी लागत नाही. भातावर सावली पडू नये म्हणून कमरेइतकी उंची राखावी; पण छाटणी एकदम न करता अर्धी रांग यंदा, अर्धी पुढील साली करावी, म्हणजे माशीस फूल राहते. छाटलेला कोवळा पाला चिखलणीत तुडवावा. तो कुजून चांगले खत होते. काकडीवर औषध मारणे भागच पडले तर सकाळी, फुले उमललेली असता, मारू नये.

वाळलेला पाला कणगीत धान्याच्या थरांमध्ये घालण्याची जुनी रीत आहे. त्याने कीड अजिबात जात नाही, पण कमी लागते. तेही धान्य आधी उन्हात खडखडीत वाळविले असेल तरच.