पोई म्हणजे आगीचा खेळ नव्हे

पोईचं नाव काढलं की बहुतेकांना गोव्याचा किनारा आठवतो. हरमल किंवा हणजूणची संध्याकाळ, ढोलाचा ठेका आणि साखळ्यांच्या टोकांना पेटलेले गोळे फिरवणारा कुणी पाहुणा. नवी मुंबईतली मुलं हे मोबाइलवर पाहतात आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, आगीची पोई कुठे विकत मिळेल? खेळ शिकायची इतकी सुंदर ओढ असताना सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते, म्हणून हा लेखप्रपंच.

पोई न्यूझीलंडच्या माओरी लोकांची. दोरीला बांधलेला हलका गोळा मनगटाने फिरवायचा, हातावर, खांद्यावर आपटून ताल धरायचा आणि सोबत गायचं, असा हा नाच, मुख्यतः बायकांचा. जुन्या पोईचा गोळा राउपो नावाच्या पाणवनस्पतीचा आणि दोरी हाराकेके या झाडाच्या पानांतून काढलेल्या धाग्याची. राउपो आपल्या पाणकणसाची सख्खी नातेवाईक आहे. नवी मुंबईतल्या पाणथळ जागांत तपकिरी कणसं डोलताना दिसतात ना, तेच हे कूळ. 1984 साली पाटेआ माओरी क्लबचं ‘पोई ई’ हे माओरी भाषेतलं गाणं न्यूझीलंडमध्ये लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याला कुठेही ज्वाळेची गरज पडली नाही. पॅसिफिक बेटांच्या नाचांत आग घुमवण्याची पद्धतही लोक समजतात तितकी प्राचीन नाही. सामोआचा प्रसिद्ध अग्निसुरीचा नाच घ्या. त्यातल्या सुरीला आग जोडली ती फ्रेडी लेतुली या नर्तकाने, 1946 साली, सॅन फ्रान्सिस्कोत. पेटती पोईही अशीच आधुनिक काळातली भर.

दुसरा गैरसमज आपल्याकडचा आहे. ‘ही तर आपली बनेटी, परदेशी लोकांनी उचलली,’ असं मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत बनेटी आहे हे खरं. मिरवणुकीत तिची दोन्ही टोकं पेटवून फिरवतात तेव्हा गर्दी श्वास रोखून पाहते. पण बनेटी ही काठी आहे. ताठ वस्तू हात वळवील तशी लगेच वळते. दोरीवरचा गोळा हाताच्या मागे राहतो, त्याची वाट पाहावी लागते. दोन्ही विद्या वेगळ्या आणि आपापल्या जागी पूर्ण आहेत. पोईशी जवळचं काही आपल्याकडे शोधायचंच असेल तर शेतातल्या गोफणीकडे पाहावं. तिथेही वजन दोरीवर आणि सगळी कला मनगटात असते. मात्र हे साम्य तंत्रातलं आहे, वंशावळीतलं नाही. माओरींचं श्रेय माओरींना द्यावं आणि बनेटी बनेटी म्हणूनच शिकावी. त्यात दोघांचाही मान राहतो.

आता साहित्याकडे येऊ, कारण पैसे आणि उत्साह दोन्ही वाया जातात ते इथे. चांगली पोई महागच असते, ही समजूत आधी सोडा. पहिली जोडी घरात तयार होते. शाळेचे गुडघ्यापर्यंतचे दोन मोजे घ्या, प्रत्येकाच्या टोकात गल्लीत खेळायचा टेनिसचा चेंडू घाला आणि वर गाठ मारा. टेनिसचा चेंडू 56 ते 59 ग्रॅमचा असतो, तो थोडा हलका पडतो. म्हणून सोबत मूठभर मूग पिशवीत घट्ट बांधून भरावेत. एकेक गोळा शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास गेला की हाताला ओढ नीट कळते. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत धान्याला कीड लागते, तेव्हा जूनच्या आत ते बदलावं. सीझनचा क्रिकेट चेंडू मात्र कधीही वापरू नये. तो 156 ग्रॅमच्या वर असतो आणि टणक. पहिल्या महिन्यात पोई स्वतःच्या डोक्याला, कानशिलाला, पोटाखाली लागतेच. मऊ गोळा लागला तर हसू येतं, टणक लागला तर दवाखाना गाठावा लागतो. चष्मा असेल तर काढून ठेवावा.

मोज्याची एक अडचण आहे, तो ताणला जातो. वेग वाढला की दोरी लांबते, वेग कमी झाला की आखडते आणि ताल हातात बसत नाही. त्यामुळे काही आठवड्यांनी मोजा काढून सुती नाडी बांधावी, परकराला लागते तीच. लांबी बाजारातल्या मापाने ठरवू नये, स्वतःच्या हाताने ठरवावी. काखेपासून बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर हे सुरुवातीचं चांगलं माप. तेरा वर्षांच्या मुलीची आणि तिच्या वडिलांची पोई एकच असू शकत नाही. बहुतेक तयार जोड्या एकाच लांबीच्या येतात, म्हणून घेताना लांबी कमी-जास्त करता येते का, हे सर्वांत आधी पाहावं. रंग आणि दिवे नंतर.

‘जड पोई हळू फिरते, म्हणून नवशिक्याने जड घ्यावी’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचं गणितच मांडायला हवं. गोळा वर्तुळाच्या माथ्यावर असताना दोरी सैल पडू नये, यासाठी त्याला काही किमान वेग लागतो. तो वेग दोरीच्या लांबीवर आणि गुरुत्वाकर्षणावर ठरतो. वजन त्या हिशोबातून बाहेर पडतं. 70 सेंमीच्या दोरीला माथ्यावर सेकंदाला सुमारे 2.6 मीटर वेग पुरतो. दोरी 40 सेंमी केली तर मिनिटाला सुमारे एक तृतीयांश जास्त फेऱ्या घालाव्या लागतात, मग गोळा पिसाचा असो की शिशाचा. म्हणजे हळू फिरवायचं असेल तर दोरी लांब हवी. वजनाने फरक पडतो तो ओढीत, आणि पाम बीच रस्त्याच्या बाजूने खाडीचा वारा सुटतो तेव्हा अगदी हलका गोळा भरकटतो त्यात.

मुठीबद्दल थोडक्यात. बोटांत अडकवायचा पट्टा सुटत नाही, म्हणून शिकायला बरा. पोई हवेत फेकून झेलायची असेल तेव्हा गोल मुठीचं टोक घ्यावं. दोरीला पीळ बसू नये म्हणून मधे फिरती कडी असलेली उत्तम.

दिव्यांची पोई मुलांना फार आवडते आणि ती वाईट नाही. तिच्यात आग नाही म्हणून ती निरुपद्रवी आहे असं मात्र समजू नये. कडक प्लास्टिकचा गोळा दातावर बसला की कळतं. सिलिकॉनचं मऊ कवच असलेलीच घ्यावी.

जागेबद्दलही लोक फसतात. हात आणि दोरी मिळून दीड मीटर तरी होतात, म्हणजे चौफेर तीन मीटरचं वर्तुळ मोकळं हवं. सिडकोच्या घरांच्या खोल्यांत पंख्याखाली ते जमत नाही. सोसायटीची उंच कठड्याची गच्ची, किंवा उद्यानातला सकाळचा रिकामा कोपरा, जिथे लहान मुलं धावत येणार नाहीत, तो शोधावा.

आणि आता आग. मऊ पोईवर हात पूर्ण बसला, डोळे मिटूनही ती अंगाला लागत नाही अशी अवस्था आली, तरच तिचा विचार करावा, तोही जाणकाराच्या देखरेखीत. कापडी चिंध्या आणि सुती दोरीची घरगुती पेटती पोई करू नये. दोरी जळून तुटते आणि पेटता गोळा लोकांत जातो. साखळी पोलादी, वात केवलारची, आणि दोन्हींना जोडणारी कडी दर वेळी तपासलेली हवी. खाडीजवळच्या हवेत साधं लोखंड लवकर गंजतं. ‘पेट्रोलने ज्वाळा मोठी होते’ हा सर्वांत घातक गैरसमज. पेट्रोलमधून पेट घेणारी वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही सुटत असते, म्हणजे आपल्या हवेत ती कायमच भोवती असते. रॉकेलला त्यासाठी साधारण 35 ते 40 अंशांच्या वरचं तापमान लागतं. म्हणून वात रॉकेलमध्ये बुडवायची, जास्तीचं तेल झटकायचं, डबा झाकण लावून लांब ठेवायचा. नायलॉन, पॉलिस्टरचे कपडे वितळून कातडीला चिकटतात. अंगात सुती हवेत, केस बांधलेले, आणि शेजारी ओला जाड टॉवेल घेतलेला माणूस, ज्याचं लक्ष फक्त तुमच्यावर आहे. सार्वजनिक उद्यानात किंवा खारघरच्या डोंगरउतारावर उन्हाळ्यातल्या वाळक्या गवताजवळ ज्वाळा नेऊच नये. तोंडात रॉकेल धरून फुंकणं हा तर पोईचा भागच नाही. फुप्फुसात गेलेल्या थेंबांनी जीवघेणा न्युमोनिया होतो.

हा तरुणांचाच खेळ आहे, असंही मानलं जातं. ऑकलंड विद्यापीठात साठीपुढच्या निरोगी माणसांवर पोईचा अभ्यास झाला. एका गटाने महिनाभर पोई शिकली, दुसऱ्याने ताई ची. शरीराचा तोल, दोन्ही हातांचा मेळ आणि लक्ष टिकवण्याची क्षमता दोन्ही गटांत सुधारली. नेरुळ-वाशीच्या उद्यानांत पहाटे फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांनी नातवंडांचे जुने मोजे मागून घ्यावेत. खुर्चीत बसून, एका हाताने, बाजूला साधं वर्तुळ काढण्यापासून सुरुवात होते. मग दुसरा हात, आधी एकाच दिशेने, नंतर उलट दिशेने.