मोटारीच्या रंगासाठीं मातीची वडी

धुतलेल्या मोटारीवरून, पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातांत घालून, बोटें फिरवावीं. खरखर लागल्यास ब्रेकचे लोहकण किंवा झाडाचा चीक रंगास चिकटून बसला आहे असें समजावें. तो काढण्यास मातीची वडी वापरतात. ही कुंभाराची माती नव्हे. कृत्रिम चिकट द्रव्यांत अतिसूक्ष्म घर्षक कण मळलेले असतात. तादाओ कोदाते यांस १९९५ सालीं अशा वडीबद्दल मिळालेल्या अमेरिकन पेटंटांत तिला घासण्याचा लवचीक दगडच म्हटलें आहे! वडिलांच्या मोटारीवर प्रयोग करूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें नांव विसरूं नये. साबणाचें पाणी भरपूर शिंपडून वडी हलकेच फिरवावी. जमिनीवर पडलेली वडी, कितीही महाग असो, टाकूनच द्यावी असें आम्ही सांगूं. तीस चिकटलेला वाळूचा एक कण रंगावर ओरखडे काढतो. वडीनें जुनें मेणही निघतें, म्हणून शेवटीं नवें चोळावें.