थकल्याचं सांगणारा चिमटा

ट्रायल्स हा सायकलीचा खेळ तोलाचा आहे. खडक, ओंडके, सिमेंटचे ठोकळे यांच्यावरून जमिनीला पाय न लावता पार व्हायचं. पाय टेकला की गुण गेले. स्पेनमधल्या कॅटालोनियात मोटारसायकलच्या ट्रायल्समधून हा प्रकार वाढला आणि 2009 साली डॅनी मॅकॲस्किल या स्कॉटिश तरुणाच्या एडिनबरातल्या चित्रफितीने हे कसब जगभर पोहोचवलं. यात स्वार एका चाकावर उड्या मारतो, उतरताना कधी पुढचंच चाक आधी टेकतं आणि त्या वेळी ब्रेकही दाबलेला असतो. तो हिसका झेलतो पुढचा फोर्क. आपल्याकडचे सायकलवाले त्याला चिमटा म्हणतात. तो मजबूत हवा हे कुणीही सांगेल. पण मजबूत म्हणजे जाड, जड की ताठ? माझ्या मते, जो पुन्हापुन्हा मार सोसतो आणि मोडण्याआधी तसं कळू देतो, तोच मजबूत.

चिमट्याला एका मोठ्या दणक्याइतकीच भीती असते ती थकव्याची. चाकाचा एक्सल आणि दोन्ही पाय जिथे जुळतात तो वरचा क्राऊन यांत साधारण चाळीस सेंटिमीटर अंतर असतं. एक्सलवरचा धक्का एवढ्या लांब तरफेने क्राऊनपाशी धातू वाकवू पाहतो, म्हणून तड्याचा धोका तिथल्या वेल्डिंगजवळ सर्वाधिक. एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं, की एकदा सहज पेललेला भारही वारंवार दिला तर धातू तुटतो. मात्र भार ठरावीक मर्यादेखाली राहिला तर पोलाद फार दीर्घकाळ टिकतं. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. त्याच्या खात्यात छोटे धक्केही जमा होत राहतात.

यावरचा आक्षेप वजनदार आहे: स्पर्धेतले अनेक स्वार ॲल्युमिनियमचाच चिमटा वापरतात. त्यांचं कारणही रास्त आहे. सतत उचलायच्या पुढच्या चाकाजवळ काही ग्रॅमही हातांना जाणवतात आणि ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असते. त्याचा ताठपणाही तेवढाच कमी, पण नळी फुगवून तो भरून काढता येतो. पातळ नळीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर ती साधारण आठपट ताठ होते. मात्र ताठ आणि टिकाऊ हे दोन वेगळे गुण आहेत. भाग सतत तपासणाऱ्या आणि वेळेवर बदलणाऱ्या स्पर्धकाला हलका चिमटा परवडतो. एकाच चिमट्यावर वर्षानुवर्षं सराव करणाऱ्याने क्रोमोली पोलाद घ्यावं. चांगलं पोलाद जादा भाराने बहुधा आधी वाकतं, आणि वाक डोळ्यांना दिसतो. पोलादही अमर नाही. गंज किंवा कच्चं वेल्डिंग त्यालाही संपवतं.

मग धक्के शोषणारा सस्पेन्शन फोर्क का नको, असं कुणी विचारेल. जागच्या जागी उडी मारताना स्वार जो जोर जमिनीला देतो, त्यातला काही भाग तो फोर्क दबण्यातच गिळतो आणि तोलही हलवतो. म्हणून इथे साधा, न दबणारा चिमटा चालतो. सुरक्षिततेच्या मानकाचा शिक्का पुरेसा नाही का, हाही प्रश्न योग्य आहे. पण आयएसओ 4210 हे सायकलींचं आंतरराष्ट्रीय मानक स्पर्धा आणि कसरतींसारख्या खडतर वापराच्या सायकलींना आपल्या कक्षेबाहेर ठेवतं. डोंगरी सायकलीसाठी उत्तीर्ण झालेला चिमटा ट्रायल्ससाठी उत्तीर्ण झाला, असं मानता येत नाही.

निवड ब्रेकवरूनही ठरते. रिम ब्रेक चिमट्याचे दोन्ही पाय बाहेर फाकवतो, तर डिस्क ब्रेकचा ताण डाव्या पायाच्या खालच्या टोकाशी एकवटतो आणि एक्सलला खाचेतून खाली ढकलतो. तेव्हा चिमटा आपल्याच ब्रेकसाठी बनवलेला असावा, एक्सल नटबोल्टने घट्ट आवळता यावा आणि उंची फ्रेमला साजेशी असावी, नाहीतर हँडलचा कोन बिघडतो. घेतल्यावरही काम संपत नाही. दर सरावानंतर क्राऊन फडक्याने पुसून रंगात केसाएवढी रेघ उमटली आहे का, हे पाहावं. ती दिसली, की चिमट्याने आपलं काम केलं. तो लगेच उतरवणं हे आपलं काम. पुढच्या चाकामागे माणसाचा चेहरा असतो.