'रिव्हाइव्ह' या क्रियापदाचा अर्थ व उपयोग

भाषांतराच्या तासाला 'रिव्हाइव्ह' हे इंग्रजी क्रियापद आले, की विद्यार्थी बहुधा 'पुनरुज्जीवन करणे' हे एकच उत्तर देतात. ते चूक नव्हे; परंतु सर्वत्र चालणारेही नव्हे.

या शब्दाची घडण सरळ आहे. 'री' म्हणजे पुन्हा. पुढील अंश जगणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचा असून आपला 'जीव्' धातू त्याचाच सगोत्र होय. तथापि या क्रियापदाच्या उपयोगास आधी मृत्यू घडलेला असण्याची अट नाही. मराठीत बेशुद्ध माणूस शुद्धीवर येतो, सुकलेले रोप तरारते, मिटलेला वाद उकरून काढला जातो. इंग्रजीस या सर्व ठिकाणी हे एकच क्रियापद पुरते. हिब्रूसारखी बोलण्यातून जवळजवळ गेलेली भाषा पुन्हा घरोघर बोलली जाऊ लागते, तेथे मात्र 'पुनरुज्जीवन' हाच शब्द शोभतो.

दुसरा प्रश्न कर्त्याचा. त्यासाठी सुरतेचे उदाहरण घेऊ. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेगची साथ आली व असंख्य लोक शहर सोडून गेले. १९९५ पासून महापालिकेने सफाईची मोठी मोहीम चालविली आणि शहराची कळा पालटली. यास अनुलक्षून 'सुरत रिव्हाइव्ह्ड' असे वाक्य आले, तर 'सुरतेचे पुनरुज्जीवन झाले' हे भाषांतर आम्हांस पटत नाही. शहर मेले नव्हते, खचले होते. शिवाय 'झाले' या शब्दाआड झाडू हाती घेणारे हात दिसेनासे होतात.

येथे मराठीचे 'सावरणे' उपयोगी पडते. 'सुरत सावरली' हा कर्तरी प्रयोग. 'सफाई कामगारांनी सुरत सावरली' हा कर्मणी. इंग्रजी क्रियापदाप्रमाणे हेही अकर्मक व सकर्मक असे दोन्ही आहे. मात्र श्रेय कोणाचे, हे तृतीयेचा प्रत्यय सांगून जातो.

मराठी व्याकरणाचे आद्य कर्ते दादोबा पांडुरंग यांनी सुरतेत अध्यापन केले होते, आणि १८४४ साली तेथे स्थापन झालेल्या मानवधर्मसभेतही त्यांचा वाटा होता. व्याकरण आणि लोकव्यवहार या दोहोंकडे त्यांचे लक्ष असे. शिक्षकांनीही प्रतिशब्द सांगण्यापूर्वी विद्यार्थ्यांस दोन प्रश्न विचारावेत : खरोखर मेले होते काय? आणि उठविले कोणी?